पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडता येते काय?

कायदा आणि आपण

वर्षावासात लाखनीच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी अंगुलिमालाची कथा आली. वाचन संपले, सरणत्तय झाले, बायाबापड्या घरी निघाल्या. एक माउली मात्र मागे राहिली. बिड्या वळून घर चालवणारी बाई. जवळ येऊन हळूच म्हणाली,

“भाऊ, एक गोष्ट विचारू काय? माहा पोट्टा उन्हाळ्यात रेतीच्या ट्रॅक्टरवर हमालीले जाते. पोलिसाची गाडी दिसली का हे सारे पोट्टे अंधारात वावरावावरानं पळत सुटतेत. एखाद्या रात्री मांगून गोळी घातली तं? पळणाऱ्याले मारून टाकाचा कायदा आहे काय?”

“नाही, आई. असा कायदा नाही,” एवढेच मी तिला त्या वेळी सांगितले. पण असा प्रश्न मनात घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या माता आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. म्हणून आज त्याचे पूर्ण उत्तर.

१ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. अटक कशी करावी हे जुन्या कायद्यात कलम ४६ मध्ये होते, ते आता कलम ४३ मध्ये आहे. हे कलम सांगते की अटकेला कोणी जोराने विरोध केला किंवा अटक टाळण्याचा प्रयत्न केला, तर पोलिसाने त्याला धरण्यासाठी लागतील ते सर्व उपाय योजावेत. पुष्कळ लोक, आणि काही पोलीसही, एवढेच वाक्य ध्यानात ठेवतात. पण त्याच कलमात पुढे एक कुंपण घातले आहे. ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने कोणालाही मिळत नाही! हे कुंपण काही नवे नाही. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही ते होते. म्हणजे परक्या राज्यकर्त्यालासुद्धा पळणाऱ्या चोराला सरसकट मारून टाकणे मान्य नव्हते.

आता हे माप आपल्या गावातल्या गुन्ह्यांना लावून पाहा. रेतीची चोरी घ्या. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. पत्त्यांचा जुगार, मोहाची दारू, चौकातली मारामारी यांपैकी कशालाही फाशी नाही, जन्मठेप नाही. पोलिसांच्या ताब्यातून पळून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे खरा, पण त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत. न्यायाधीश ज्या गुन्ह्याला फार तर दोन-तीन वर्षे देऊ शकतो, त्याला रस्त्यावरचा शिपाई मरणाची शिक्षा कशी देणार?

हाच प्रश्न अमेरिकेतही उभा राहिला होता. ३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री मेम्फिस शहरात एडवर्ड गार्नर नावाचा पंधरा वर्षांचा काळा मुलगा एका घरातून चोरी करून पळत होता. पोलिसाने बॅटरीच्या उजेडात पाहिले, मुलाच्या हातात हत्यार दिसत नव्हते. तो कुंपणावर चढू लागला आणि पोलिसाने मागून डोक्यात गोळी घातली. मुलाजवळ सापडले काय? एक पर्स आणि दहा डॉलर. त्या राज्याचा कायदा पळणाऱ्याला अशा रीतीने रोखण्याची मुभा देत होता. बापाने कोर्टाची पायरी चढली आणि तो सुमारे दहा वर्षे लढला. २७ मार्च १९८५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याच्यापासून कोणाच्या जिवाला धोका नाही, तो निसटू नये एवढ्यासाठी त्याचा जीव घेता येणार नाही. एका गरीब काळ्या बापाच्या हट्टामुळे सगळ्या देशाचा नियम बदलला.

मग आरोप खुनाचा किंवा बलात्काराचा असेल तर? तिथे कलम ४३ चे ते कुंपण लागू होत नाही. पण कुंपण नाही म्हणजे मोकळे रान, असाही अर्थ नाही. आधी ‘लागतील ते’ उपाय हे शब्द आहेत. धावून धरता येत असेल, घेरता येत असेल, उद्या घरून उचलता येत असेल, तर गोळी लागतेच कुठे? आणि आरोपी उलट हल्ला करत असेल, तर पोलिसालाही तुमच्या-आमच्यासारखा स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण तो धोका खरोखर होता की कागदावर होता, हे पोलिसाने नव्हे, न्यायालयाने ठरवायचे असते.

हैदराबादचे प्रकरण आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुण पशुवैद्यक डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला मारण्यात आले. चार जण पकडले गेले. ६ डिसेंबरला, आपण सारे बाबासाहेबांना अभिवादन करत होतो त्याच दिवशी पहाटे, पोलिसांनी त्या चौघांना गोळ्या घातल्या. त्यांनी आमची हत्यारे हिसकावली, आमच्यावर गोळ्या झाडून पळू लागले, असे पोलिसांचे म्हणणे होते. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. पोलिसांची हकिगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गुन्हा घोर होता, त्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. पण खटलाच झाला नाही, तर खरा गुन्हेगार कोण हे सिद्ध कुठे झाले?

कोणी म्हणेल, या बड्या प्रकरणांशी आपला काय संबंध? संबंध आहे. ११ जुलै १९९७ ची सकाळ आपण विसरलो नाही. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक संतापून रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण ठार, सव्वीस जखमी. अनेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे कारण सांगण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानले नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. जमाव पांगवण्याचे नियम अटकेच्या नियमांहून वेगळे आहेत, पण दोन्हींचे मूळ एकच. बळ वापरायचे ते गरजेपुरते, सूड म्हणून नाही. आणि ते मूळ जिथे तुटते, तिथे आधी कोणाची पोरे मरतात, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

दुर्दैवाने पोलिसांच्या गोळीने कोणी दगावले तर घरच्यांनी काय करावे? मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मारली गेली. त्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोळा नियम घालून दिले. ते साऱ्या देशात बंधनकारक आहेत. त्यांतले घराला उपयोगी ते ध्यानात ठेवा.

घटनेचा एफआयआर नोंदवलाच पाहिजे. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, ज्यांनी गोळी घातली त्यांनी नाही. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे. दंडाधिकाऱ्याची चौकशी झालीच पाहिजे. जखमीला तत्काळ दवाखान्यात नेऊन त्याचा जबाब घ्यायचा. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचे. घटनेनंतर लगेच कोणाला बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. आणि हे नियम पाळले गेले नाहीत असे वाटले, तर घरच्यांनी थेट सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करावी.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भंडाऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साधा अर्ज पुरतो. जातीचा दाखला पेटीच्या तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा.

आता दोन शब्द आपल्या तरुणांना. गड्यांनो, पळू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, शक्य तिथे नोटीस देऊन बोलवावे, असे कायदाच सांगतो. अटक झालीच तर कारण विचारा, घरी कळवायला सांगा. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. आणि ट्रॅक्टर पोलिसाच्या अंगावर घालण्याची अवदसा तर कोणालाच आठवू नये. त्या क्षणी प्रश्न पळण्याचा राहत नाही, त्याच्या जिवाचा होतो आणि कायदाही त्याच्या बाजूने उभा राहतो. त्या खाकी वर्दीत कधी आपल्याच वस्तीतला, आपल्याच आईचा पोरगाही असतो. ट्रॅक्टर मालकाचा, नफा मालकाचा आणि अंधारात धावायचे मात्र हमालाने, हा सौदाच खोटा आहे. हे मालकाला तोंडावर सांगायला शिका.

शेवटी त्या माउलीसाठी, पुन्हा अंगुलिमालाची गोष्ट. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला होता. वाटेत तो भगवंतांना भेटला आणि पाहतो तो काय, अंगुलिमाल चीवर घालून शेजारीच बसलेला! एवढ्या मोठ्या फौजेला जे जमले नाही, ते शस्त्र न उचलता झाले. इतक्या माणसांचे जीव घेणाऱ्यालाही माणूस होण्याची संधी मिळाली, कारण तो जिवंत होता.

आई, तुझ्या पोराने तर फक्त रेतीची घमेली उचलली. त्याला हा लेख वाचून दाखव. आणि पुढच्या रविवारी त्याला सोबत घेऊन विहारात ये.

जयभीम!