पुन्हा प्याला, म्हणून केंद्र नापास?

व्यसनमुक्ती केंद्रांवर तोफ डागणारं एका गृहस्थांचं भाषण नुकतंच ऐकलं. टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही केंद्रं म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा. तिथून सुटलेले पुन्हा पितातच. ज्याला खरोखर सोडायची असते तो मन घट्ट करून सोडतो, आणि सुटत नसेल त्याला घरच्यांनी सरळ करावं. सरकारनं या संस्थांचं अनुदान थांबवून तो पैसा होतकरू मुलांच्या शिक्षणाला द्यावा.

शेवटच्या मुद्द्याला एका ओळीचं उत्तर पुरे. बापाच्या दारूपायी ज्यांची शाळा सुटते ती मुलंही होतकरूच असतात.

धंद्याच्या आरोपात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. माणसांना कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी, घरच्यांना भेटू न देणारी केंद्रं आहेत आणि ती चालवणाऱ्यांची जागा तुरुंगात आहे. त्यासाठी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्याच्या कक्षेत येतात, रुग्णाचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. लावा की तो कायदा! पण राग लुटारूंवर आणि कुऱ्हाड हिशेब उघडा ठेवणाऱ्यांवर, हा कुठला न्याय? दारू सोडू पाहणाऱ्यांचं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे संघटन १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. आज आपल्याकडे कित्येक गावांत त्याच्या सभा होतात. तिथे फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत, चहाचा खर्च सभेला आलेले आपसांत भागवतात. यात कोण कुणाला लुटतं, हे त्या गृहस्थांनी सांगावं.

‘मन घट्ट करा’ हा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकाएकी दारू बंद केली, की काही तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे काहींना भास सुरू होतात: अंगावर किडे चालतात, भिंतीवर माणसं दिसतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली. कुणी अंगारा लावतं, कुणी खोलीत कोंडतं. त्या वेळी हवे असतात डॉक्टर, झटके आवरणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. ‘घरच्यांनी सरळ करावं’ म्हणणाऱ्यानं अशी एक रात्र रुग्णाच्या उशाशी बसून काढावी आणि मग व्यासपीठावर चढावं.

आता ज्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्याकडे येतो: पुन्हा पितातच. हो, पितात. बरेच जण पितात. केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हे लपवणार नाही. पण यावरून केंद्र नापास ठरवणाऱ्याला व्यसन हा आजार कसा चालतो, याची प्राथमिक माहितीही नाही. दारू शरीरातून उतरायला आठवडा-दहा दिवस पुरतात. वीस वर्षांत मेंदूला लागलेली सवय मात्र इतक्यात उतरत नाही. पगाराचा दिवस येतो, मेहुण्याच्या लग्नाची वरात येते, गटारी येते, जुना दोस्त गाडी थांबवून हाक मारतो, आणि ओढ पुन्हा उठते. भांडण झालं तरी उठते, बढती मिळाली तरी उठते. महिना-सव्वा महिन्याच्या मुक्कामात माणसाला शिकवतात ते हेच, की ओढ येणार आहे आणि त्या तासाभरात काय करायचं: कुणाला फोन लावायचा, कुठल्या रस्त्यानं घरी जायचं, पाकिटात पैसे किती ठेवायचे.

आणि नापास कुणाला म्हणायचं? रोज सकाळी उठल्याबरोबर पिणारा माणूस सात महिने कोरडा राहिला, मग दोन दिवस घसरला आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी केंद्रात परत आला. गृहस्थांच्या वहीत तो ‘पुन्हा प्याला’ या रकान्यात जातो. त्याच्या बायकोला विचारा. त्या सात महिन्यांत गहाण पडलेलं मंगळसूत्र सुटलं, मुलीची फी भरली गेली, संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की पोरं पलंगाखाली दडायची थांबली. या सात महिन्यांची किंमत शून्य धरणारा हिशेब मला मान्य नाही.

केंद्रातून घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा होतात, तशा एका सभेत मी पाहिलेला माणूस सांगतो. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘रविवारी घेतली. आज तिसरा दिवस.’’ कुणी चुकचुकलं नाही, कुणी उपदेश केला नाही. शेजारच्यानं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, ‘‘शनिवारी काय झालं होतं?’’ रविवारी नव्हे, शनिवारी! कारण घसरण ग्लास हातात यायच्या आधीच सुरू झालेली असते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला अनुभवानं ठाऊक होतं. पलीकडच्या खोलीत बायकांची बैठक चालली होती. फ्लशच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, तांदळाच्या डब्यात बाटल्या शोधत वर्षं घालवलेल्या बायका आता शोधणं थांबवायला शिकत होत्या. मनाच्या बळावर बोलणाऱ्यांना या दुसऱ्या खोलीची कल्पनाच नसते.

इथे दारूविरुद्ध काम करणाऱ्या आमच्यातला जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. दारूबंदी केली की अशी केंद्रं लागणारच नाहीत, असं एक पक्ष तावातावानं सांगायचा. दुसरा म्हणायचा, बंदी सपशेल खोटी. वर्ध्यात १९७५पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३पासून. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या बायकांबद्दल मला अपार आदर आहे, त्यांच्या बाजूनं मी तेव्हाही बोललो आणि आजही बोलेन. पण दुकान बंद झालं त्या रात्री गावातल्या जुन्या पिणाऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर दोन्ही पक्षांकडे नव्हतं. त्याच्यासाठी औषध आणि आधार लागतो. वादावादीत तो माणूस कायम बाजूला पडला.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो, दाखल करून घेतलं जातं ते १८० जणांमागे एकाला, असं त्यात आढळलं. एवढी वानवा असताना आहेत तीही दारं लावून घ्या, असं सांगायला जीभ कशी रेटते?

पुण्यात १९८६ साली, ब्राउन शुगरनं तरुण पोरं गिळायला सुरुवात केली होती तेव्हा, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली, पण त्या तोडीची सोय तालुक्याच्या गावी आजही सापडत नाही. शेतकऱ्यानं, ऊसतोड मजुरानं पाठपुराव्याला दीडशे किलोमीटर यायचं कसं? म्हणून माझी मागणी आहे की दारूवरच्या उत्पादन शुल्कातला ठरावीक वाटा पाठपुराव्यासाठीच बाजूला काढावा. तालुक्याला एक खोली, एक समुपदेशक, आठवड्याला एक सभा आणि ग्रामीण रुग्णालयात दारू उतरवण्यासाठी दोन खाटा, एवढ्यानं सुरुवात होईल. अनुदान घेणाऱ्या संस्थेला जाब जरूर विचारा. सहा महिन्यांपूर्वी घरी गेलेल्या किती जणांना या महिन्यात फोन केला? घसरलेल्यांपैकी किती परत आले? आणि त्याच बैठकीत सरकारी अधिकाऱ्यालाही विचारा, की अनुदानाचा हप्ता वेळेवर सुटतो का. कारण तो अडकला की पहिला पगार थांबतो तो हे फोन करणाऱ्या कार्यकर्त्याचा.