‘खातो, पण काम करतो’ : लुलांना पुन्हा निवडून द्यायचं का? ब्राझीलच्या मतदारापुढचा पेच

ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी 4 ऑक्टोबर 2026 रोजी मतदान आहे. सध्याचे राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा यांनी ऑक्टोबर 2025 मध्येच सांगून टाकलं, की वय ऐंशी असलं तरी आपण पुन्हा उभे राहणार. निवडून आले तर हा त्यांचा चौथा कार्यकाळ असेल. याच लुलांनी भ्रष्टाचाराच्या खटल्यात 580 दिवस तुरुंगात काढले आहेत.

ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ब्राझील काही परका नाही. जगात सगळ्यात जास्त साखर निर्यात करणारा हा देश. तिकडं ऊस जोरात आला की जगाच्या बाजारात साखरेचा भाव खाली येतो आणि त्याची झळ इथल्या कारखान्यापर्यंत पोचते. पण या निवडणुकीत साखरेपेक्षा मोठा एक प्रश्न आहे आणि तो कुठल्याही गावातल्या मतदाराला ओळखीचा वाटेल.

ब्राझीलमध्ये एक जुनी म्हण आहे, ‘चोरतो, पण काम करतो’. साओ पावलोचे जुने नेते अदेमार दे बारोस यांच्या नावाला ती चिकटली. आपल्याकडं पारावर हेच वाक्य ‘खातो, पण काम तरी करतो ना’ असं ऐकू येतं. मग अशा नेत्याला पुन्हा मत द्यायचं का?

पहिला घोटाळा आणि तरीही विजय

लुला पहिल्यांदा 2003 मध्ये सत्तेवर आले. 2005 मध्ये त्यांच्याच आघाडीतल्या एका खासदाराने बॉम्ब टाकला. सरकारच्या बाजूने मत द्यावं म्हणून खासदारांना दरमहा 30 हजार रियाल (ब्राझीलचं चलन) दिले जातात, असा आरोप त्याने केला. लुलांचे उजवे हात मानले जाणारे जोसे दिर्सेउ यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं लुला म्हणत राहिले.

पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये निवडणूक झाली आणि लुला जवळपास 61 टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. कारण समजायला अवघड नाही. गरीब घरांना थेट पैसे देणारी ‘बोल्सा फमिलिया’ ही योजना तोपर्यंत सुमारे 1 कोटी 10 लाख कुटुंबांपर्यंत पोचली होती. मुलं शाळेत गेली पाहिजेत, त्यांचं लसीकरण झालं पाहिजे, एवढ्या अटी. ज्या बाईच्या हातात दर महिन्याला पैसे पडत होते, तिला राजधानीतल्या घोटाळ्याची बातमी लांबची वाटली.

पण गोष्ट इथं संपली नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात 25 जणांना दोषी ठरवलं. त्यात दिर्सेउ होते. लुलांवर या प्रकरणात खटला झाला नाही. तेव्हाच्या 11 पैकी 8 न्यायाधीश लुला किंवा त्यांच्याच पक्षाच्या दिल्मा रुसेफ यांनी नेमलेले होते. खटल्याची मुख्य जबाबदारी ज्यांच्याकडं होती, त्या जोआकिम बार्बोसा यांची नेमणूकही लुलांनीच 2003 मध्ये केली होती. म्हणजे मतदारांनी माफ केलं, तरी कोर्टाने हिशेब सोडला नाही.

तुरुंग, सुटका आणि ‘निर्दोष’ शब्दाचा घोळ

2014 मध्ये ‘लावा जातो’ नावाची चौकशी सुरू झाली. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीची कंत्राटं देताना लाच घेतल्याचं उघड झालं. भ्रष्टाचारामुळे 6.2 अब्ज रियालचं नुकसान झाल्याचं खुद्द कंपनीने आपल्या हिशेबात दाखवलं. बांधकाम कंपनीकडून समुद्रकिनाऱ्यावरचा फ्लॅट घेतल्याच्या आरोपात न्यायाधीश सेर्जिओ मोरो यांनी 2017 मध्ये लुलांना साडेनऊ वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या कोर्टाने ती वाढवली. एप्रिल 2018 मध्ये लुला तुरुंगात गेले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये बाहेर आले.

दरम्यान लुलांचा पराभव नव्हे, त्यांची उमेदवारीच गेली होती. वरच्या कोर्टात दोषी ठरलेल्याला आठ वर्षं निवडणूक लढवता येणार नाही, असा कायदा ब्राझीलमध्ये 13 लाखांहून जास्त नागरिकांच्या सह्यांच्या जोरावर आला होता. 2010 मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली होती लुलांनीच. 2018 मध्ये त्याच कायद्याने ते बाद झाले.

त्या निवडणुकीत जाईर बोल्सोनारो जिंकले. लुलांना शिक्षा देणारे मोरो लगेच त्यांचे कायदामंत्री झाले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुलांच्या शिक्षा रद्द केल्या. ज्या कोर्टात खटला चालला त्याला तो चालवण्याचा अधिकारच नव्हता, हे एक कारण. मोरो निःपक्ष नव्हते, हेही कोर्टाने म्हटलं. नंतर मुदत उलटून गेल्याने फ्लॅटचा खटला पुन्हा उभाच राहिला नाही.

इथं दोन्ही बाजूचे लोक घोळ घालतात. समर्थक म्हणतात, ‘निर्दोष सुटले’. विरोधक म्हणतात, ‘चोर तो चोरच’. दोन्ही खरं नाही. शिक्षा रद्द झाली, म्हणजे कायद्यापुढं माणूस निर्दोष मानायचा. पण फ्लॅटचं काय होतं, याचा शेवटपर्यंत टिकलेला निकाल कुठल्याच कोर्टाकडून आलेला नाही.

पेन्शनमधून परस्पर कपात

तिसरं प्रकरण गावातल्या माणसाला लगेच कळेल. एप्रिल 2025 मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी उघड केलं, की लाखो पेन्शनधारकांच्या पेन्शनमधून वेगवेगळ्या संघटनांची ‘वर्गणी’ कापली जात होती. अनेकांना न विचारता. आपण असल्या संघटनेचे सभासद आहोत, हेच कित्येकांना माहीत नव्हतं. 2019 ते 2024 या काळात कापलेली एकूण रक्कम सुमारे 6.3 अब्ज रियाल. पेन्शन संस्थेच्या प्रमुखाला हटवलं, खात्याच्या मंत्र्याने राजीनामा दिला, आणि जुलैपासून पैसे परत द्यायला सुरुवात झाली.

लुलांचे लोक म्हणतात, हे बोल्सोनारोंच्या काळात सुरू झालं आणि आमच्याच सरकारच्या यंत्रणेने पकडलं. विरोधक म्हणतात, ते फुगलं तुमच्याच काळात. दोन्ही दाव्यांत तथ्य आहे.

राखणदार कोण नेमला?

मग लुला पुन्हा निवडून येण्याच्या लायकीचे आहेत का? कामं आणि घोटाळे तराजूत घालून हा प्रश्न सुटत नाही. योजनेचा पैसा नेत्याच्या खिशातला नसतो, जनतेचाच असतो. त्यामुळे काम केलं म्हणून खाल्लेलं माफ, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

खरी कसोटी वेगळी आहे. आपल्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांशी नेता कसा वागतो? 2003 मध्ये लुलांनी बार्बोसांना नेमलं आणि त्यांनी लुलांच्याच माणसांचा हिशेब केला. ही जमेची बाजू. पण 2023 मध्ये लुलांनी सर्वोच्च न्यायालयावर कुणाला पाठवलं? क्रिस्तियानो झानिन यांना, म्हणजे भ्रष्टाचाराच्या खटल्यांत ज्यांनी लुलांचं वकीलपत्र घेतलं होतं त्यांनाच. कायद्याने ते चालतं. तरीही वीस वर्षांत राखणदार निवडण्याची रीत बदलली, हे मतदाराने पाहायला हवं.

समोरची बाजूही तपासावी लागते. निवडणूक हरल्यावर सत्ता सोडायची नाही, असा कट केल्याबद्दल बोल्सोनारोंना सप्टेंबर 2025 मध्ये 27 वर्षं 3 महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये त्यांनी मुलगा फ्लावियो यांचं नाव पुढे केलं. फ्लावियो यांच्यावरही कर्मचाऱ्यांच्या पगारातला वाटा परत घेतल्याचा आरोप होता. तो खटलाही कोर्टाने पुरावे बाद केल्याने पुढं सरकला नाही. त्यामुळे ‘स्वच्छ विरुद्ध डागाळलेला’ अशी सोपी निवड ब्राझीलच्या मतदाराला मिळत नाही.

अशा वेळी मत देताना तीन प्रश्न कामाला येतात. कोर्टाने नेमकं काय म्हटलं, शिक्षा, निर्दोष की फक्त खटला रद्द? घोटाळा बाहेर आल्यावर चौकशी मोकळी चालू दिली की अधिकारी बदलले? आणि उद्या हाच माणूस चुकला, तर त्याला जाब विचारणारं कुणी उरेल का?

2006 मध्ये ब्राझीलच्या लोकांनी लुलांना मत दिलं. ते फार महागात पडलं नाही, कारण कोर्ट शाबूत होतं. मतपेटीतून सत्ता मिळते, निर्दोषपणाचा दाखला मिळत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कितीही रस्ते केलेल्या माणसाला पुन्हा निवडणं धोक्याचं आहे. मग तो ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष असो की गावचा सरपंच.