भारीतलं इंजेक्शन

घोडेवाल्याचा फोन आला की तो आजार सांगत बसत नाही. "डॉक्टर, येताना जरा भारीतलं इंजेक्शन घेऊन या," एवढंच म्हणतो. तीस वर्षं घोड्यांची डॉक्टरकी करतोय, हे वाक्य पाठ झालंय. मागच्या लग्नसराईत पुणे जिल्ह्यातल्या एका मामांनी तेच सांगितलं. त्यांची पांढरी घोडी वरातीची, सजवून उभी केली की रस्ता थांबावा अशी. दिवाळीनंतर तिचा मागचा पाय काटेरी तारेत अडकला आणि नळीवरची कातडी सोलून निघाली. जखम भरत आली की फुटायची, पू यायचा, पुन्हा भरायची. दोन महिने हेच चाललं होतं.

मामांनी औषधांची रिकामी खोकी पिशवीत जपून ठेवली होती. पेनिसिलिन, जेंटामायसिन, एन्रोफ्लॉक्सासिन आणि शेवटी माणसांच्या दुकानातून आणलेलं सेफ्ट्रायॅक्सोन. प्रत्येक तीन-चार दिवस. पू थांबला की इंजेक्शन थांबलं, पू आला की पुढचं. बारा-चौदा हजार रुपये गेले होते. "आता याच्याही वरचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मामा, आधी तुमचा हौद दाखवा."

त्यांना वाटलं, डॉक्टरांना तहान लागली असेल. हौदाच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवायला सांगितलं. बुळबुळीत थर हाताला लागला. त्यात बादलीभर औषध ओतलं तर पाणी स्वच्छ दिसेल, थर तिथेच राहील. तो ब्रशनं घासूनच काढावा लागतो. घोडीच्या पायात असाच थर बसलेला. याला बायोफिल्म म्हणतात. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, साखरेचा आणि प्रथिनांचा चिकट लगदा स्रवतात आणि त्याच्या आत वस्ती करतात. आतल्या थरातले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. आपली बरीचशी प्रतिजैविकं मारतात ती वाढणाऱ्या, विभागणाऱ्या जंतूला. झोपलेल्याला ती लागत नाहीत. अशा वस्तीतले जंतू मोकळ्या जंतूंच्या मानानं कधी शेकडो पट औषध पचवतात. डच संशोधक लेव्हेनहूकनं १६८४ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचं किटण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हाच त्याला दिसलं होतं की व्हिनेगरनं फक्त वरवरचे जीव मरतात, आतले शाबूत राहतात.

घोड्याच्या पायाची एक अडचण आहे. गुडघ्याखाली स्नायू नाहीतच म्हणा. कातडी, शिरा आणि हाड. रक्तपुरवठा बेताचा. तारेनं कातडी आणि हाडावरचं आवरण सोललं गेलं की हाडाचा वरचा पापुद्रा मरतो आणि त्याची कपची आतच अडकून राहते. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणजे रक्तातून येणारं औषधही जात नाही. जंतूंना याहून सुरक्षित घर कुठलं? एक्स-रे काढला, तर कपची स्पष्ट दिसली.

पण त्याआधी मी पू तपासायला पाठवला होता, आणि खरी गोष्ट तिथे आहे. अहवालात एन्रोफ्लॉक्सासिनसमोर 'संवेदनशील' असं लिहून आलं. जे औषध घोडीला चार दिवस देऊन फुकट गेलं होतं, तेच! मामा म्हणाले, लॅब खोटी. लॅब खोटी नव्हती. तिथे जंतू सुटे करून, मोकळे वाढवून तपासतात. कपचीवरच्या थरात बसलेला तोच जंतू वेगळा वागतो. दोन गोष्टी आपण एकात मिसळतो. एक, जंतूच्या जनुकांत बदल होऊन औषध त्याला कायमचं लागेनासं होणं. दुसरी, जंतू थराआड लपून तगून राहणं. मामांच्या घोडीत सुरुवातीला फक्त दुसरी होती. चार-चार दिवसांचे असे डोस पाजत राहिलो असतो, तर पहिलीही आली असती.

आणि पाजत राहणारे आम्हीच असतो, हे मी कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका टांग्याच्या घोड्याला, खोगीर लागून पाठीवर झालेल्या जखमेसाठी, मी चार इंजेक्शनं देऊन मोकळा झालो होतो. मालकाला रोजचा धंदा बुडवायचा नव्हता आणि मला पुढच्या घोड्याकडे जायचं होतं. जखम धुवायला, कुजलेलं मांस खरवडायला अर्धा तास लागला असता. इंजेक्शनला अर्धं मिनिट लागतं, आणि मालक त्याचेच पैसे देतो, धुण्याचे देत नाही.

घोड्यात औषधांना वावही कमी. त्याचं मोठं आतडं म्हणजे चारा आंबवणारी भट्टी. लिंकोमायसिनसारखं चुकीचं औषध गेलं तर तिथले उपयोगी जंतू मरतात आणि जुलाबानं घोडा दगावू शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या शिंगराच्या सांध्यांतल्या कूर्चेला बाधतं. हाताशी पाच-सहा औषधं आहेत, तीही आम्ही उधळतोय.

हे फक्त गरिबांच्या तबेल्यात होतं असं नाही. अमेरिकेतल्या केंटकीत शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते, तिथे पैशाला तोटा नाही. शिंगरांना ऱ्होडोकॉकस इक्वाय नावाच्या जंतूमुळे न्यूमोनिया होतो. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या फार्मवर प्रत्येक शिंगराच्या फुफ्फुसाचं अल्ट्रासाउंड सुरू झालं. लहानशी गाठ दिसली की खोकला, ताप काही नसतानाही मॅक्रोलाइड आणि रिफॅम्पिसिन. यातली बरीच शिंगरं औषधाविना बरी झाली असती. काही वर्षांत दोन्ही औषधांना न जुमानणारे जंतू तिथे रुजले. रिफॅम्पिसिन म्हणजे आपल्याकडे क्षयाच्या रोग्याला देतात तेच.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २०१४ पासून एच-१ परिशिष्टातली औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि दुकानदारानं नोंद तीन वर्षं ठेवायची. मामांचं सेफ्ट्रायॅक्सोन याच यादीतलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली, ती अन्नासाठी पाळलेल्या जनावरांपुरती. घोडा कुणाच्या ताटात येत नाही, म्हणून तो या चौकटीतून निसटतो. शिवाय २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख असलेले घोडे-तट्टू २०१९ ला सुमारे ३.४ लाखांवर आले. एवढ्यांसाठी कोण धोरण आखणार? पण घोडेवाल्याचं पोर त्याच तबेल्यात झोपतं, जखम उघड्या हातानं पुसतं आणि त्याच हातानं भाकरी खातं. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू घोड्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून घोड्याकडे जातो, हे अनेक देशांत दिसलंय. माथेरानला मोटारींना मनाई, तिथे तर बरीच माणसं नि सामान घोड्यावरून जातं.

माझं मागणं मोठं नाही. तालुक्याच्या पशुदवाखान्यातून पुवाचा नमुना थंड डब्यात प्रयोगशाळेपर्यंत जावा. मी तो एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवतो, कधी पोहोचतो, कधी उन्हात शिजतो. जिल्ह्याला एक तरी उचलून नेता येईल असं एक्स-रे यंत्र असावं. आणि जखम साफ करण्याची स्वतंत्र फी दवाखान्याच्या पावतीवर छापलेली असावी, म्हणजे डॉक्टरला ते काम वाटेल आणि मालकालाही.

मामांच्या घोडीला गुंगीचं दिलं, पाय बधिर केला आणि उभ्या उभ्याच कपची काढली. दोन सेंटिमीटर लांब, मळकट पिवळी. भोवतालचं मांस खरवडलं. त्यानंतर मात्र अहवाल बघून एकच औषध, पूर्ण मुदतीचं. जखम भरली ती पुन्हा फुटली नाही. मामांनी कपची हातावर घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "एवढ्याशासाठी चौदा हजार?"

तिला सहा आठवडे वरातीत नेऊ नका असं बजावलं होतं. पाचव्या आठवड्यातच रात्री गावातून बँड गेला, आणि गॅसबत्त्यांच्या उजेडात मला ती दिसली, पाठीवर नवरदेव, पायाला पट्टी. पट्टी स्वच्छ होती, एवढं मी पाहून घेतलं.