नव्या गाडीने जंप द्यावा का? चाकण पट्ट्यातल्या मदतीचे बदललेले नियम

चाकण एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटली की पार्किंगमध्ये एखादी तरी गाडी नुसतीच ‘टक टक टक’ करते. मग ठरलेला प्रश्न येतो, “जंपर केबल आहे का कुणाकडे?” केबल मिळते, पण गाडी मिळत नाही. “नवीन घेतलीये हो, ईसीयू उडाला तर?” असं म्हणत मदत करणाराच मागे सरकतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ग्रुपवर हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. ही भीती किती खरी आहे, ते बघू.

भीती अर्धी खरी

गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयएसओ १६७५० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १२ व्होल्टच्या गाडीतल्या पार्टला ६० सेकंद २४ व्होल्ट देऊन बघायची चाचणी आहे. उलटी बॅटरी जोडली तर काय होईल, याचीही आहे. म्हणजे रस्त्यावर लोक काय करणार, हे मानक लिहिणाऱ्यांना माहीत होतं. त्यामुळे पेट्रोल-डिझेल गाडीने दुसऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीला नीट जंप दिला, तर सहसा काही होत नाही.

पण ती सहनशक्तीची परीक्षा आहे, कायमची हमी नाही. जुन्या गाडीत चूक झाली तर फ्यूज जायचा, फार तर अल्टरनेटर. आता त्याच तारांवर इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग आणि टचस्क्रीनचे कंप्युटर बसलेत. चूक तीच, बिल मात्र मोठं.

घोळ होतो तो या ठिकाणी

पहिली चूक म्हणजे ट्रक. पुणे-नाशिक हायवेवर मदतीला सगळ्यात आधी ट्रकच थांबतो. पण मोठ्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते, तुमच्या कारची १२ ची. ड्रायव्हरदादा कितीही मनापासून म्हणाले, तरी हात जोडून नाही म्हणा.

दुसरी चूक काळ्या क्लिपची. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट आला-गेला, हे तो मोजतो. क्लिप थेट टर्मिनलला लावली की करंट सेन्सरला टाळून जातो आणि गाडीचा हिशोब चुकतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दाखवलेला अर्थ पॉइंट वापरा.

आणि ईव्ही?

खरा बदल इथे आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणलाच बनतात, बजाजची इलेक्ट्रिक चेतक आकुर्डीत. कंपनीच्या पार्किंगमध्ये ईव्ही वाढतायत, आणि लोकांना वाटतं, “एवढी मोठी बॅटरी आहे, जंप सहज देईल.”

तसं होत नाही. ईव्ही कारमध्येही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. तिचं काम कंप्युटर जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचा स्विच जोडणं. तिला स्टार्टर मोटर फिरवायचीच नसते. पेट्रोल गाडीचा स्टार्टर मात्र क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेल एसयूव्हीचा त्याहून बराच जास्त. हा भार ईव्हीच्या छोट्या बॅटरीवर आणि तिला चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरवर येतो. म्हणून अनेक ईव्हींच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टेस्लाच्या मॅन्युअलमध्येही ते आहे. उलट, ईव्हीची १२ व्होल्ट बॅटरी झोपली तर तिला बाहेरून जागं करता येतं, पण मॅन्युअलमधल्या पद्धतीनेच.

बाइकवाल्यांनो, तुम्हीही

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक बाइक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. कार्ब्युरेटरची बाइक धक्का मारून सुरू व्हायची. इंजेक्शनच्या बाइकची बॅटरी पार झोपली असेल तर फ्युएल पंपच चालत नाही, कितीही पळवा. कारवरून बाइकला जंप द्यायचाच असेल, तर कारचं इंजिन बंद ठेवा. बाइकची बॅटरी कारच्या तुलनेत अगदी चिमुकली असते.

केबल लावायचा क्रम

१. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत ना, बघा.
२. लाल क्लिप आधी बंद पडलेल्या गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला.
३. काळी क्लिप चालू गाडीच्या अर्थ पॉइंटला. शेवटची काळी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो.
४. चालू गाडी काही मिनिटं सुरू ठेवा, मग दुसरी स्टार्ट करा. क्लिपा उलट्या क्रमाने काढा.

प्रश्न केबलपुरता नाही

रस्त्यावरची मदत आजवर ऐकीव ज्ञानावर चालायची. गॅरेजवाले काका सांगायचे, आपण शिकायचो. आता ते ज्ञान मॅन्युअलच्या दोन-तीनशेव्या पानावर आणि कंपनीच्या स्कॅनरमध्ये गेलंय. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी ती स्कॅनर लावून गाडीला ‘सांगावी’ लागते. चौकातल्या बॅटरीवाल्याने काय करायचं?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती सगळ्यांना मिळावी, हा त्यामागचा विचार. माझ्या मते त्याची सुरुवात अगदी साधी होऊ शकते: बॉनेटच्या आत मराठीत एक स्टिकर. जंप कुठून घ्यायचा, आणि ही गाडी जंप देऊ शकते की नाही. गाड्या इथेच बनतात, एवढं तरी व्हायला हवं.

तोपर्यंत तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं ‘जंप स्टार्ट’चं पान आजच फोटो काढून फोनमध्ये ठेवा. रात्री दीडला रेंज नसताना तोच कामाला येईल. जमलं तर डिकीत छोटा लिथियम जंप स्टार्टर ठेवा, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करा. मग ईव्हीवालासुद्धा मदतीला थांबू शकतो, स्वतःची गाडी धोक्यात न घालता.