तारेच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजा

ठाण्यात कोपरीला लागून धावणारी लोकल अनेक वर्षे 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर चालत होती. मुंबईत ही वीज 3 फेब्रुवारी 1925 ला आली. पुढे गाड्या वाढल्या, डबे वाढले, तशी तारांवरची ओढही वाढली. दाब कमी, म्हणून प्रवाह जास्त. अखेर रेल्वेने 25,000 व्होल्टची एसी वीज घेतली.

गावातल्या सौर दिव्यांचेही तेच आहे. 480 वॅटचा भार 24 व्होल्टवर चालवायला 20 अँपिअर लागतात. बॅटरी 50 मीटर लांब असली, तर जाऊन-येऊन तार 100 मीटर. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची तार असेल तर 8 ते 9 व्होल्ट वाटेतच जिरतात! दिवे मिणमिणतात आणि आपण पॅनेलला दोष देतो.

ग्रामपंचायतीने नुसते पॅनेलचे वॅट पाहून बिल मंजूर करू नये. सगळे दिवे लावा. बॅटरीपाशी आणि शेवटच्या दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. फरक एक व्होल्टच्या वर गेला तर तार जाड टाका, नाहीतर भार कमी करा. "आणखी एकच दिवा जोडू द्या" म्हणणाऱ्याला आधी हे मोजमाप दाखवा. विहिरीचा झरा बघूनच आपण पंप बसवतो ना?