विद्यार्थ्यांसोबत परदेशी जाणारे गुरुजी कोण निवडतो?

शाळकरी मुलांना परदेशात नेऊन नेतृत्वाचे धडे देण्याचे कार्यक्रम आता तालुक्याच्या गावापर्यंत ऐकू येऊ लागले आहेत. अमक्याची मुलगी जपानला निघाली, तमक्याचा मुलगा अमेरिकेला निघाला, की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. हार घातलेली मुले, मागे भारावलेले आईबाप आणि एका कडेला सामान सांभाळत उभे असलेले सर किंवा मॅडम. बातमीत मुलांची नावे असतात, गुण असतात, गावाचे नाव असते. त्या सरांविषयी मात्र एकच ओळ असते, 'सोबत शिक्षक म्हणून श्री. अमुक यांची निवड झाली आहे.' ही निवड कोणी केली, कोणत्या निकषावर केली, यादीत आणखी कोण होते, हे कोणी विचारत नाही. आपल्या चळवळीने ते विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कार्यक्रम एका प्रकारचे नाहीत. जपान सरकारने २००७ मध्ये आशियातील तरुणांसाठी 'जेनेसिस' नावाचा आदानप्रदान कार्यक्रम सुरू केला. २०१४ मध्ये 'सकुरा सायन्स' आला आणि २०१६ पासून त्यात भारतातील शाळांची मुले जाऊ लागली. त्यांच्यासोबत पर्यवेक्षक म्हणून शिक्षक जातात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे युवा नेतृत्वाचे कार्यक्रम १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी असतात, आणि मुलांच्या तुकडीबरोबर प्रौढ शिक्षकही त्या कार्यक्रमाचे सहभागी मानले जातात. मुले तेथील कुटुंबात राहतात, गटचर्चा करतात, आणि मायदेशी परतल्यावर आपल्या वस्तीसाठी एखादे काम उभे करतील अशी अपेक्षा असते. (फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या खात्याने अशा कार्यक्रमांचा निधी गोठवला होता, तेव्हा दुसऱ्याच्या पैशावर चालणारे दार किती पटकन बंद होऊ शकते, हेही जगाने पाहिले.) आपल्या राज्यात पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये 'आयुका'च्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील २५ मुले नासाच्या भेटीसाठी निवडली. झेडपीच्या शाळेतले मूल नासाला जाणार, याचा आनंद कोणाला होणार नाही? हा उपक्रम प्रत्येक जिल्हा परिषदेने करावा.

याशिवाय बड्या खाजगी शाळांच्या 'ग्लोबल लीडरशिप'च्या सहली असतात. पालक लाखांनी पैसे भरतात, मुले चार शहरे पाहून येतात आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. त्यांच्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. ज्यांच्या खिशात आहे त्यांनी खुशाल जावे. माझा प्रश्न सरकारी खर्चाने किंवा सरकारी शिफारशीने जाणाऱ्या तुकड्यांचा आहे.

या तुकड्यांत मुलांची निवड बहुधा परीक्षेने किंवा गुणांनी होते. परीक्षेलाही दोष आहेत, पण निदान प्रश्नपत्रिका असते, गुण असतात, यादी लागते. शिक्षकाच्या निवडीचे काय? तेथे बहुतेक वेळा कार्यालयातून फोन येतो आणि नाव ठरते. इंग्रजी बोलता येते, साहेबांच्या परिचयाचे आहेत, संघटनेचे पदाधिकारी आहेत, पासपोर्ट तयार आहे, एवढ्यावर काम भागते. आणि पासपोर्ट कोणाचा तयार असतो, हे मी वाचकांना सांगायला नको.

शिक्षकांच्या निवडीचा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर पंजाबचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंजाब सरकारने ३६ मुख्याध्यापकांची पहिली तुकडी प्रशिक्षणासाठी सिंगापूरला पाठवली. राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून निवडीचा निकष काय होता, अशी विचारणा केली. मुख्यमंत्र्यांनी, आपण तीन कोटी पंजाबींना जबाबदार आहोत, केंद्राने नेमलेल्या राज्यपालांना नाही, असे उत्तर दिले. वाद इतका चिघळला की राज्यपालांनी विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन बोलावण्याचा निर्णयच लांबवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने दोघांनाही त्यांची जागा दाखवली. मंत्रिमंडळाचा सल्ला मानून अधिवेशन बोलावणे राज्यपालांना भाग आहे, आणि संविधानाच्या अनुच्छेद १६७ (ख) नुसार राज्यपालांनी मागितलेली माहिती देणे मुख्यमंत्र्यांना भाग आहे. राज्यपालांचा हेतू शैक्षणिक होता असे मी म्हणणार नाही. त्या काळात बिगरभाजप राज्यांत राज्यपाल काय करीत होते हे सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीत तर त्याच सुमारास शिक्षकांच्या फिनलंड दौऱ्याच्या फाईलवर नायब राज्यपालांनी खर्च आणि लाभाचा हिशोब मागितला होता. आमदार-खासदारांच्या अभ्यासदौऱ्यांचा असा हिशोब कधी मागितला गेला? ते काहीही असो. 'शिक्षक कसे निवडले?' या साध्या प्रश्नाला लेखी निकष दाखवता आला असता, तर राजकारणाला तेवढी जागा कमी मिळाली असती. राज्यपाल जो प्रश्न विचारू शकतो तो नागरिकही विचारू शकतो, आणि आपला हेतू तर स्वच्छ आहे.

सोबतचा शिक्षक म्हणजे केवळ मुलांची डोकी मोजणारा माणूस, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चाळीतून, तांड्यावरून, बौद्धवाड्यातून आलेले चौदा-पंधरा वर्षांचे मूल परक्या देशात पहिल्यांदा जेवायला बसते, तेव्हा ते आधी सरांच्या तोंडाकडे पाहते. गटचर्चेत त्याची इंग्रजी अडखळली, आणि सर हसले, तर ते मूल उरलेले दहा दिवस तोंड उघडत नाही. सरांनी नुसती मान हलवून 'बोल, मराठीत बोल, मी सांगतो त्यांना' म्हटले, तर तेच मूल आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या रांगेविषयी असे काही बोलून जाते की समोरचे परदेशी विद्यार्थी वह्या काढतात. खोल्यांच्या जोड्या कोण लावतो? शिक्षक. ताटात काय यावे हे तेथील यजमानांना कोण कळवतो? शिक्षक. आपल्या आवडीप्रमाणे अख्ख्या तुकडीला 'शुद्ध शाकाहारी' लिहून देणारे महाभाग कमी नाहीत. जात विमानतळावर तपासून बाजूला काढली जात नाही, ती सामानाबरोबर जाते. आणि पुन्हा पाहा, मुलींचे काय? सोबत बाई असतील तरच आमच्या घरांतून मुलीला पाठवतात. शिक्षिका नसेल तर गुणवत्ता यादीतली मुलगी आपोआप मागे राहते आणि कागदावर लिहिले जाते, 'पालकांची संमती नाही.'

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा त्यांच्यासोबत कोणी गुरुजी नव्हते. पण त्या प्रवासामागे एक गुरुजी होते, कृष्णाजी अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या मुलाला त्यांनी हेरले, मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढचे शिक्षण पैशाअभावी अडले तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत त्याची गोष्ट नेली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी.ए. झाले, आणि बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ गाठले. केळुसकर गुरुजी बोटीवर चढले नाहीत. पण कोणते मूल पुढे न्यायचे, याची पारख त्यांना होती. आज ही पारख असलेले शेकडो शिक्षक आपल्या शाळांत आहेत, त्यांचे नाव यादीत का येत नाही?

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्या कार्यालयात आल्या होत्या. त्यांच्या शाळेतील दोन मुली एका परदेशी कार्यक्रमासाठी निवडल्या गेल्या होत्या. दोन्ही मुलींची तयारी बाईंनीच करून घेतलेली, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या खर्चाने. सोबत जाण्यासाठी त्यांचेच नाव मुख्याध्यापकांनी कळवले होते. पण वरच्या कार्यालयाने ना हरकत प्रमाणपत्राची फाईल पाच आठवडे टेबलावर ठेवली आणि शेवटी 'वेळेअभावी' दुसऱ्या शाळेतील सर गेले. मुलींनी त्या सरांना विमानतळावर प्रथम पाहिले. एकीने आजारपणाची तक्रार सरांना सांगायला संकोच केला आणि तीन दिवस ताप अंगावर काढला. मी नोटीस तयार केली, बाईंनी ती पाठवू दिली नाही. म्हणाल्या, 'वकीलसाहेब, मला याच खात्यात अजून अठरा वर्षे काढायची आहेत.' त्यांना दोष कसा द्यायचा?

पण याच प्रकरणातून काही व्यावहारिक गोष्टी सांगता येतात. सरकारी वा निमसरकारी कर्मचाऱ्याला पासपोर्टसाठी ना हरकत प्रमाणपत्राचीच वाट पाहावी लागते असे नाही. वरिष्ठांना आगाऊ सूचना दिल्याचे पत्र जोडूनही अर्ज करता येतो. परदेशी जाण्याची परवानगी ही निराळी बाब आहे, ती प्रवास ठरल्यावर घ्यायची. म्हणून आपल्या प्रत्येक शिक्षक-शिक्षिकेने आज पासपोर्ट काढून ठेवावा. मुलांचेही तसेच. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टची फी साधारण एक हजार रुपये आहे, आणि आईबाप दोघांची संमती मिळत नसेल तर एकट्या पालकाने करायचे स्वतंत्र प्रतिज्ञापन आहे. बाप सोडून गेला म्हणून परित्यक्तेच्या मुलीचा पासपोर्ट होत नाही, असे सांगून परत पाठवणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नये.

आणि शिक्षकांनीही एक समजून घ्यावे. हा प्रवास म्हणजे बक्षीस नाही. मुले शाळेच्या ताब्यात असताना त्यांची काळजी घेणे हे कायदेशीर कर्तव्य आहे. १९९५ मध्ये पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुले बुडाली. सोबतच्या शिक्षकांवर फौजदारी दोष सिद्ध झाला. उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश शाळेला दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या निकालात तो कायम केला. नदी गावाजवळची असो की परदेशातील तलाव असो, मुलाचा बाप सोबत नसतो, सर सोबत असतात. तेव्हा जाण्यापूर्वी लेखी आदेश घ्यावा. त्यात हा काळ कर्तव्यकाळ धरला जाईल असे स्पष्ट नमूद असावे, मुलांचा आणि स्वतःचा विमा कोणाच्या नावावर आहे ते असावे, प्रत्येक पालकाचे संमतीपत्र सोबत असावे, आणि किती मुलांमागे किती शिक्षक ते असावे. तोंडी आदेशावर विमानात बसणाऱ्या शिक्षकाच्या मागे उद्या त्याचा साहेब उभा राहणार नाही. रजा टाकून जा म्हणणाऱ्या कार्यालयाला तर साफ नकार द्यावा, कारण रजेवरच्या माणसाची जबाबदारी खाते घेत नाही.

परत आल्यावर काय, हाही प्रश्न आहे. सत्कार होतो, नारळ मिळतो, आणि मूल पुन्हा त्याच गळक्या वर्गात बसते. जिल्ह्यातून गेलेल्या मुलांनी आणि शिक्षकांनी पुढच्या वर्षीच्या मुलांना तयार करायचे, एवढी अट घातली तरी दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. आपल्या विहारांत रविवारी जे वर्ग चालतात तेथे या मुलांना बोलवा. भाषण नको, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला बोलवा.

तूर्त तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एक काम करावे. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. गेल्या पाच वर्षांत विद्यार्थ्यांसोबत परदेशी गेलेल्या शिक्षकांची यादी, प्रत्येकाच्या निवडीचा लेखी निकष, विचारात घेतलेल्या इतर शिक्षकांची नावे, त्यांत महिला किती आणि अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि झालेला खर्च, एवढे विचारावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे, त्याची फी २० रुपये आहे.