शेवटचा ड्रिपर

मोबाईलवर ‘सक्सेसफुल’ असा मेसेज आला की तुमचाही जीव भांड्यात पडतो ना? माझा पडायचा. मागच्या दिवाळीत मोताळ्याच्या घरी परसबागेला ठिबक बसवलं, वर ऑटोमॅटिक टायमर. इकडे पुण्यात मीटिंग चालू, तिकडून टिंग... ‘पाणी दिले’. घरी बाबा एकटे, त्यांचे गुडघे गेलेले. फोनवर विचारायचो, ‘‘बाग कशी आहे?’’ ‘‘बरी हाये.’’ विषय कट!

मे महिन्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने मलकापूरला उतरून घरी पोचलो. बघतो तर आईने लावलेलं लिंबाचं झाड निम्मं वाळलेलं. ती गेल्यानंतर तिच्या हातचं तेवढंच उरलंय. टायमर मात्र एकदम वक्तशीर! पाणी सुटत होतं, पण शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचतच नव्हतं. बोअरचं पाणी क्षारांचं. थेंब वाळतो, क्षार छिद्रात बसतो.

शेजारच्या जळगावात १९८०च्या दशकात ठिबकचा उद्योग उभा राहिला, त्यामुळे आमच्याकडचे कपाशीवाले हे सगळं कोळून प्यालेत. बाबाही त्यातलेच. ते खुर्चीवर, मी मातीत! आधी फिल्टरची जाळी ब्रशने धुतली. मग नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडलं. तांबूस गाळ, शेवाळ आणि मग कुठे स्वच्छ धार. खारीने कुरतडलं होतं तिथे जॉइनर टाकले. आता टेस्ट. ड्रिपर तासाला ४ लिटरचा, म्हणजे ३ मिनिटांत २०० मिली, एक ग्लास भरायलाच हवा. लिंबाखाली ग्लासाचा तळही झाकला नाही. शेतात यासाठी ॲसिड वापरतात (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही!). आम्ही सरळ नवे ड्रिपर लावले आणि खोडापासून लांब, झाडाच्या सावलीच्या कडेला सरकवले. पाणी पिणारी मुळं तिथेच असतात.

‘‘बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?’’

‘‘तू बाग कशी हाये इचारलं. लिंबाचं कुठी इचारलं?’’

भिंतीला धरून, रोज एक तांब्या पाणी ते स्वतः घालत होते. निम्मं झाड जगलं ते त्यावर.

टायमर अजून आहे, टिंगही वाजतं. पण दर रविवारी माझा फोन जातो, ‘‘शेवटचा ग्लास भरला का?’’ आणि मग, ‘‘गुडघे कसे आहेत?’’ उत्तर लगेच येत नाही. मी थांबतो.